मुलीकडून दुसऱ्या लेकराला लैंगिक त्रास झाला तर काय करायचं: अधीक्षिका, समुपदेशक आणि परिविक्षा अधिकाऱ्यांसाठी

बालगृहातून किंवा आश्रमशाळेतून अशा प्रकरणाचा फोन आला की पलीकडून बहुतेक वेळा दोनपैकी एक वाक्य येतं. "मॅडम, मुलगीच आहे हो ती, खेळता खेळता झालं असेल." नाहीतर, "हिला आजच्या आज दुसरीकडे हलवा, बाकीच्या पोरी बिघडतील." पहिल्या वाक्यात ज्या लेकराला त्रास झाला त्याचा विचार नाही. दुसऱ्यात जिने त्रास दिला तिचा नाही. दोन्ही वाक्यांमागे घाबरलेली माणसं असतात, आणि त्यांना दोष देऊन हाती काही लागत नाही. काय करायचं ते माहीत असलं की भीती बरीच कमी होते. म्हणून हे लिहितेय.

मी मराठवाड्यात मुलींच्या संस्थांसोबत समुपदेशक म्हणून काम करते. उदाहरणांतले तपशील बदलले आहेत आणि वेगवेगळी प्रकरणं एकमेकांत मिसळली आहेत, कुणाचीही ओळख पटू नये म्हणून.

पहिल्या काही तासांत

ज्या लेकराला त्रास झालाय त्याच्याकडे आधी जा. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही" एवढं बोला, आणि ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. "मग तिने असं केलं का, तसं केलं का" असं विचारू नका. शब्द तुमचे झाले की पुढे कोर्टात ते लेकरूच अडचणीत येतं. पुन्हा पुन्हा सांगायलाही लावू नका. मावशींनी ऐकलं, मग अधीक्षिकेने, मग संस्थाचालकांनी, मग शाळेच्या बाईंनी, असं होता होता चौथ्या वेळेला ते गप्प बसतं.

दोघींच्या झोपण्याच्या जागा त्याच दिवशी वेगळ्या करा. हलवायचं असेल तर जिने त्रास दिला तिला हलवा, आणि ते शिक्षेसारखं दिसणार नाही असं. कोठीच्या खोलीत कोंडणं, जेवण बंद करणं, केस कापणं, सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावणं, देवासमोर शपथ घ्यायला लावणं, हे सगळे प्रकार मी ऐकलेले आहेत. संस्थेत शिस्तीच्या नावाखाली मुलांना मारणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे. मारलं नाही, फक्त अपमान केला, तरी ती मुलगी पुढे खरं बोलायची बंद होते, आणि तिच्या खऱ्या बोलण्यावरच पुढचं सगळं उभं राहायचं असतं. दोघींना समोरासमोर बसवून "खरं काय ते सांगा" हे तर कधीच करू नका.

आता कायदा. पोक्सो २०१२, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याची माहिती किंवा तशी शंका असलेल्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं असतं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. करणारी अल्पवयीन आहे किंवा मुलगी आहे म्हणून यात सूट नाही. "आधी आमची समिती चौकशी करेल, मग बघू" असं म्हणणाऱ्या संस्थांना मी हेच सांगते की चौकशी तुमचं काम नाही, कळवणं तुमचं काम आहे.

कळवलं म्हणजे मुलीला तुरुंगात पाठवलं असं नव्हे, हेही पालकांना तिथेच सांगा. पोक्सोच्या कलम ३४ मुळे अठरा वर्षांखालच्या मुलीचं प्रकरण बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे चालतं, म्हणजे आधी बाल न्याय मंडळासमोर येतं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांपैकी किमान एक महिला असते. मुलीला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. भारतीय न्याय संहितेप्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात त्या मुलाची समज किती हे पाहावं लागतं. सात वर्षांखालच्या लहानग्यांसाठी बाल कल्याण समिती हाच मदतीचा रस्ता आहे. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहेच.

हे सगळं इजा करणाऱ्या वागण्यासाठी. पण प्रत्येक वागणं तसं नसतं, आणि ते ओळखायला आधी शिकायला हवं.

कुतूहल कुठे संपतं

ब्रिटनमधल्या सायमन हॅकेट यांनी २०१० मध्ये मुलांच्या लैंगिक वागण्याची एक चढती पट्टी मांडली. वयाला साजेसं, अयोग्य, समस्येचं, अत्याचाराचं आणि हिंसक, अशा तिच्या पाच पायऱ्या आहेत. मला ती उपयोगी वाटते, कारण "आहे की नाही" या दोनच खणांतून ती आपल्याला बाहेर काढते. पाच वर्षांच्या दोघींना एकमेकींच्या शरीराबद्दल कुतूहल असणं, रागावल्यावर थांबणं आणि दुसऱ्या दिवशी विसरून जाणं हे पहिल्या पायरीवरचं. तिथे शांतपणे "हे आपलं खासगी असतं" एवढं सांगणं पुरतं.

पायरी ठरवताना मी काही गोष्टी पाहते. वयात आणि ताकदीत किती फरक आहे? ताकद म्हणजे फक्त अंगातली नव्हे. दादागिरी, मॉनिटरपद, बुद्धीतला फरक, खाऊ आणि साबण कुणाच्या ताब्यात आहे, हेही त्यात आलं. धमकी, लालूच किंवा गुपित ठेवायला लावणं होतं का? समोरचं लेकरू घाबरलं होतं का? समजावल्यावर थांबलं की लपून चालू राहिलं? एवढ्या लहान वयात असायला नको अशी मोठ्या माणसांची माहिती त्यात दिसते का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर कान टवकारा, कारण ती माहिती तिला कुणीतरी दिलेली असते, माणसाने किंवा मोबाईलने.

आणि एक गोष्ट ठामपणे. सारख्या वयाच्या दोन मुलींमध्ये ओढ आहे, चिठ्ठ्या आहेत, हात धरून बसणं आहे, दोघींनाही ते हवं आहे, तर ते इजा करणारं वागणं नाही. मुलींच्या वसतिगृहात याच गोष्टीवर सगळ्यात मोठा गहजब होतो, आणि त्याच वेळी थोरली धाकटीला रोज रात्री धमकावते ते कुणाच्या लक्षात येत नाही. अशी ओढ "बरी" करायला कुठे नेऊ नका. तसले उपचार म्हणजे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मुलींच्या बाबतीत काय वेगळं

या विषयावरचं बहुतेक ज्ञान मुलग्यांवरून आलं आहे. हॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या अशा ७०० मुलांचा अभ्यास मांडला, त्यात मुली फक्त ३ टक्के होत्या. धोका मोजायच्या काही प्रश्नावल्या तर मुलग्यांसाठीच बनवल्या आहेत. जे-सोप-टू (J-SOAP-II) ही त्यातली एक, १२ ते १८ वयाच्या मुलग्यांसाठीची. तिचे गुण मुलीला लावून "धोका जास्त" असं अहवालात लिहिणं चूक आहे. मुलीसाठी आकडा काढू नका, तिची हकीकत नीट लिहा.

त्या हकीकतीत काय दिसतं? मुली बहुधा जरा लहान वयात नजरेला येतात. त्यांच्या स्वतःवर अत्याचार झालेला असण्याचं प्रमाण मुलग्यांपेक्षा जास्त असतं, आणि तो पुष्कळदा लवकर सुरू झालेला, लांबलेला आणि जवळच्या माणसाकडून झालेला असतो. ज्याला इजा होते ते लेकरू बहुधा त्यांच्या देखरेखीतलं असतं, धाकटा भाऊ, मावसबहीण, शेजारचं पोर. हे शेवटचं आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. दसरा-दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की दहा-बारा वर्षांची पोर म्हातारीसोबत मागे राहते आणि धाकट्यांची आई होते. किंवा सोबत जाते, आणि दिवसभर कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, एकटीच लहानग्यांना सांभाळते. आंघोळ घालणं, झोपवणं तिच्याकडेच. "काळजी घेते" या शब्दाआड काय चाललंय ते कुणाला दिसत नाही, आणि तिच्यावर कोण लक्ष ठेवून आहे तेही दिसत नाही.

अशाच एका चौदा वर्षांच्या मुलीबद्दल केस फाइलमध्ये लिहिलं होतं, "वर्तन अश्लील, लहान मुलांसोबत ठेवू नये." सात वर्षांच्या चुलतभावाला तिच्याकडून त्रास झाला होता, हे खरं होतं. मागच्या दोन्ही हंगामांत तळावरचा एक मोठा माणूस तिला त्रास देत होता, हेही खरं होतं, पण ते फाइलमध्ये नव्हतं कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच अहवालात याव्या लागतात. तिच्यावर झालेला अन्याय त्या मुलाचं दुखणं पुसत नाही, आणि त्या मुलाचं दुखणं तिचा अन्याय खोटा ठरवत नाही.

दुसरा प्रकार मोबाईलमुळे वाढलाय. वसतिगृहातली मुलगी इतर मुलींचे न्हाणीघरातले फोटो काढते आणि बाहेर पाठवते. ऐकल्याबरोबर संताप येतो. पण फोटो कुणाला गेले ते विचारा. बऱ्याचदा पलीकडे वयाने मोठा "मित्र" असतो, आधी तिचेच फोटो घेऊन बसलेला आणि आता त्यावरून तिला नाचवणारा. अशा वेळी फोटो पाहू नका, स्वतःच्या फोनवर घेऊ नका, पुरावा म्हणून कुणाला पाठवू तर मुळीच नका. फोन बंद करून पोलिसांकडे द्या.

मुलीशी बोलताना

पहिल्याच बैठकीत सांगा की काय माझ्यापाशी राहील आणि काय राहणार नाही. मी साधारण असं म्हणते: "तू जे बोलशील ते मी गावभर करणार नाही. पण तुला कुणी त्रास दिला असेल किंवा कुणा लहान मुलाला धोका असेल, तर ते मला पुढे कळवावंच लागतं. कळवण्याआधी मी तुला सांगेन." आधी विश्वास मिळवून नंतर हे सांगितलं तर ती दगा समजते, आणि ते बरोबरच आहे.

घडलेल्या गोष्टीपासून सुरुवात करू नका. घर कसं होतं, कोण कुठे झोपायचं, रात्री भीती वाटली तर कुणाला उठवायचीस, पाळी पहिल्यांदा आली तेव्हा कुणी सांगितलं, शाळा कधी सुटली, कोणती मैत्रीण आवडते, इथे कोणत्या वेळी सगळ्यात जास्त चिडचिड होते. "रात्री कुणाला उठवायचीस" याचं "कुणाला नाही" असं उत्तर आलं की अर्धी फाइल तिथेच उघडते. आयुष्याची रेघ कागदावर काढायला लावा, तिच्यावर तिलाच खुणा करू द्या. बोलायला न आवडणाऱ्या मुली रेघेवर बोलतात.

मग त्या घटनेकडे. त्या दिवशी आधी काय झालं होतं, मनात काय चाललं होतं, नंतर कसं वाटलं. "का केलंस?" हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर तिच्याकडे नसतं, आणि तो तिने आयुष्यभर रागावण्याच्या सुरातच ऐकलेला असतो. अंगाचे बारीकसारीक तपशील खणून काढू नका, मूल्यांकनाला त्यांची गरज नाही. तुमचं काम कबुली घेणं नाही. प्रकरण मंडळासमोर असेल तर ही मर्यादा आणखी कडक पाळा.

मला शोधायचं असतं की हे वागणं तिला काय मिळवून देत होतं. एखादीला त्यातून ताकद मिळते, कारण बाकी कुठेच तिचं चालत नाही. एखादीला जवळीक हवी असते आणि जवळ यायचा दुसरा मार्ग तिला कुणी दाखवलेलाच नसतो. एखादी स्वतःवर झालेलं पुन्हा करून पाहते, या वेळी आपल्या हातात सूत्र ठेवून. एखादी फक्त मोठ्याच्या धाकाने करते. मदत यावरून ठरते, म्हणून इथे घाई नको.

सोबत शरीराची आणि बुद्धीची तपासणी हवी. ऐकू कमी येतं का, शिकण्यात अडचण आहे का, बौद्धिक अक्षमता आहे का. त्या ७०० मुलांच्या अभ्यासात ३८ टक्के मुलांना शिकण्याची अक्षमता होती. हातावर कापल्याच्या खुणा, पळून जाणं, न जेवणं, झोपेत ओरडणं हे सगळं नोंदवा. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक कार्यालयात लावून ठेवा. तिच्यावर अत्याचार झाल्याचं कळलं तर तीही पीडित आहे. वेगळी तक्रार, महिला डॉक्टरकडून तपासणी, मोफत उपचार हे तिचेही हक्क आहेत.

अहवालाची भाषा

सामाजिक तपासणी अहवालात लिहिलेला शब्द मुलीच्या पाठी वर्षानुवर्षं राहतो. "बिघडलेली", "चारित्र्यहीन", "लैंगिक विकृती", "आरोपी" हे शब्द नकोत. बाल न्याय कायद्याच्या तत्त्वांतच कलंक लावणारी भाषा टाळायला सांगितली आहे. "तिला लहान मुलांची वासना आहे" याऐवजी असं लिहा: "मागच्या उन्हाळ्यात, देखरेख नसताना, तिने सात वर्षांच्या नातेवाईक मुलाला नकोसा स्पर्श केला व कुणाला सांगू नको असं बजावलं. संस्थेत आल्यापासून देखरेखीत असं वर्तन दिसलेलं नाही." यात काही लपवलेलं नाही. काय, कधी, कोणत्या परिस्थितीत, हे आलं, आणि मंडळाला नेमकं तेच हवं असतं.

तिची बलस्थानंही लिहा. स्वयंपाक येतो, आजीला जपते, गणितात बरी आहे, अमुक काळजीवाहक मावशीचं ऐकते. पुढची योजना त्यांच्याच आधाराने उभी राहते.

रोजच्या दिवसाची योजना

"लक्ष ठेवा" ही योजना नव्हे. कोण, कधी, कुठे, हे कागदावर हवं. बऱ्याच आश्रमशाळांत मोठ्या मुलींकडे लहान मुलींची वेणी-फणी, आंघोळ, रात्री लघवीला नेणं सोपवलेलं असतं. कर्मचारी कमी म्हणून ही रीत पडली. ती मोडा, आणि फक्त या मुलीसाठी नव्हे, सगळ्यांसाठीच. एकीचंच काम काढलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या वसतिगृहाला कळतं. झोपायला स्वतंत्र अंथरूण, मधल्या रांगेत, दिव्याजवळ आणि मावशींच्या नजरेत. आंघोळीची वेळ वयोगटाप्रमाणे. न्हाणीघराला आतून कडी. शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंतचा मोकळा वेळ सगळ्यात धोक्याचा, त्या वेळी तिला आवडीचं काम द्या, शिवणयंत्र, कबड्डी, काहीही. योजना तिलाही माहीत हवी. "हे नियम तुला आणि सगळ्यांना सुरक्षित ठेवायला आहेत, दर महिन्याला आपण बघू आणि सैल करू." आणि खरंच सैल करा.

कर्मचाऱ्यांपैकी किती जणांना सांगायचं? ज्यांना देखरेख करायची तेवढ्यांनाच, आणि देखरेखीपुरतंच. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ओळख उघड करणं गुन्हा आहे.

मदत म्हणजे काय

तिला आपलं मन आवरायला शिकवणं आधी, घटनेवरचं काम नंतर. राग, भीती, एकटेपण अंगात कुठे जाणवतं, तेव्हा काय करायचं, कुणाकडे जायचं, हे रोजच्या सरावाने येतं. शरीराची खरी माहिती द्या, पाळी, संमती, "नाही" म्हणणं आणि दुसऱ्याचं "नाही" ऐकणं. तिच्यावर आघात झाला असेल तर आघातावरचं काम प्रशिक्षित माणसाकडूनच व्हावं. ती जरा स्थिर झाली की जबाबदारीकडे या: त्या लेकराला काय वाटलं असेल, तुझ्या कोणत्या निर्णयाने ते झालं, पुन्हा तशी वेळ आली तर काय करशील. "मी वाईट आहे" इथे ती अडकली तर पुढे सरकत नाही. "मी वाईट केलं" इथपर्यंत आणायचं असतं.

पालक धास्तावलेले असतात. त्यांना सांगा की अशी बहुतेक मुलं पुन्हा तसं करत नाहीत. २०१६ मध्ये १०६ अभ्यासांतल्या ३३,७८३ प्रकरणांचा एकत्रित आढावा आला, त्यात पुन्हा लैंगिक गुन्हा होण्याचं प्रमाण सरासरी ५ टक्क्यांच्या आत होतं. त्यातही मुलगेच जास्त होते, पण दिशा कळते. आईला वेगळं भेटा. पुष्कळ आयांवर लहानपणी तेच झालेलं असतं आणि लेकीची गोष्ट ऐकताना त्या आतून कोसळतात. त्यांच्या रागाला थोडी जागा द्या.

आणि "लग्न लावून देतो, म्हणजे प्रश्नच मिटला" हे वाक्य येणारच. तिथे जरा कठोर व्हा. अठराच्या आत लग्न लावणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, शिवाय त्याने काहीच मिटत नाही, मूल होतं आणि न सुटलेलं सगळं त्या मुलापाशी पोचतं. लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला, म्हणजे गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचे ग्रामसेवक), कळवा.

सुट्टीत घरी पाठवायचं का? ज्या लेकराला त्रास झाला ते त्याच घरात असेल तर आधी त्याला आणि त्याच्या आईला विचारा. दोघांनाही आपापला आधार मिळालेला असेल, घरात देखरेख करणारं मोठं माणूस असेल, कोण कुठे झोपेल ते ठरलेलं असेल, तेव्हाच. पहिली भेट काही तासांची, संस्थेत, समुपदेशकासमोर. दिवाळी आली म्हणून घाईने पाठवू नका.

अठरा पूर्ण झाल्यावर ती अनुरक्षणगृहात, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलींच्या निवासात, गेली, तर सोबत काय जाईल तेही आधी ठरवा. बाल न्याय कायद्यात एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय आहे. शिक्षण, आरोग्य, बचतखातं, कोणत्या माणसावर तिचा विश्वास आहे, आणि तिला अजून कोणती मदत लागेल, हे जावं. जुन्या घटनेचं वर्णन नवीन ठिकाणच्या प्रत्येकाच्या टेबलावर जायचं कारण नाही. काय सांगायचं आणि कुणाला, याचा निर्णय तिच्यासोबत बसून घ्या, आणि पाठवायच्या कागदाची एक प्रत तिच्या हातात द्या.